बिस्किटांच्या डब्यांतली ऊब

"बैठकीत धूर नको! निखारा नको! आणि गारठाही नको!"

गारमाथा संस्थानच्या भैरोजीराव महाराजांनी हुकूम सोडला आणि त्यातच त्यांना पुन्हा खोकल्याची उबळ आली. आदल्या दिवशी शेगडीच्या धुराने ते पाहुण्या राजांसमोर एकवीस वेळा खोकले होते. पाहुण्यांनी मोजलं होतं!

शेगड्यांचं काम हैबतीकडे. तो हात जोडून म्हणाला, "सरकार, मग दक्षिणेचे पडदे तरी उघडू द्या. थोडं ऊन येईल."

"ऊन? आजोबांच्या वेळचा गालिचा आहे हा! रंग उडेल! हे पडदे कधी उघडले नाहीत आणि उघडणारही नाहीत."

खोली इतकी अंधारी, की गालिच्याचा रंग नेमका कोणता, हे आजवर कुणाला नीट कळलंच नव्हतं. पण हे बोलणार कोण?

"गुरुवारपर्यंत खोली उबदार झाली पाहिजे," महाराज म्हणाले. "विकत काही आणायचं नाही. अडगळीच्या खोलीतलं हवं ते घे. नाही जमलं, तर शेगडीचा चिमटा इथे ठेवून नोकरी सोड आणि वाड्याचं राहतं घर रिकामं कर!"

हैबती घरी येऊन ओट्यावर मटकन बसला. त्याची मुलगी ठकू अंगणात वाळवण राखत होती. ठकू भारी घाबरट! पाल चुकचुकली तरी ती जागच्या जागी उडायची. जीभ मात्र कुणाच्या बापाला घाबरत नसे.

सगळं ऐकून घेत तिने घासून उन्हात ठेवलेला लोखंडी तवा उचलला, आणि अशी किंचाळली की हैबतीच उभा राहिला.

"काय झालं ग?"

"चटका बसला! आबा, चुलीवर नव्हता, तरी तवा तापलाय!" ठकू बोटं फुंकता फुंकता थांबली. "ऊन आत न्यायचं नाही, असंच म्हणाले ना सरकार? मग उन्हाची ऊब तेवढी आत नेऊ!"

दुसऱ्या दिवशी बापलेकींनी अडगळ उपसली. पियानो ज्यातून आला होता ते लाकडी खोकं मिळालं. मोडक्या कपाटाचं काचेचं दार मिळालं. आणि पत्र्याचे गोल डबे तर ढीगभर! ठकूने डब्यांची बुडं कापून ते एकाला एक जोडले, त्यांच्या लांब नळ्या केल्या. धुराड्यातली काजळी दिव्यांच्या तळाशी उरलेल्या तेलात कालवून नळ्या काळ्याकुट्ट रंगवल्या. खोक्यात आधी जुन्या गादीचा कापूस दाबून बसवला, त्याच्यापुढे नळ्या उभ्या लावल्या आणि समोरून काचेचं दार बसवलं.

दिवाण बापूसाहेब फेरी मारायला आले. "हे काय, डब्यांचं लग्न?"

"सरकारांनीच रिकामे केलेले बिस्किटांचे डबे आहेत, दिवाणजी. अडतीस भरले. सरकारांची भूक चांगली आहे!"

दिवाणजी हसू दाबत निघून गेले.

ही पेटी काच उन्हाकडे करून बैठकीच्या दक्षिण भिंतीला बाहेरून टेकवली. भिंतीत खाली एक झरोका होता, वर एक; त्यांच्यासमोरच पेटीला भोकं पाडली होती. खालच्या झरोक्यातून खोलीतली गार हवा पेटीत यायची, काळ्या नळ्यांत तापायची आणि वरच्या झरोक्यातून आपण होऊन आत शिरायची.

गुरुवार उजाडला. ऊन चांगलं वर आल्यावर बैठक भरली. महाराज दोन शाली पांघरून आले आणि दारातच थबकले.

"शेगडी कुठे लपवलीस?"

"शोधा की सरकार!" हैबतीच्या मागे उभी असलेली ठकू म्हणाली.

महाराजांनी खरोखरच गुडघे टेकले. लोडामागे पाहिलं, चौरंगाखाली पाहिलं. शेगडी नाही, धूर नाही. पडदेही बंदच! तोवर खजिनदारांनी शाल काढली. दिवाणजींनी उपरणं काढलं, मग कोटही काढला आणि पाय पसरून बसले.

पण महाराजांनी हार मानली तर ते महाराज कसले! दोन्ही शाली घट्ट ओढून ते म्हणाले, "आम्हाला तर थंडीच वाजतेय! हैबती, चिमटा ठेव."

हैबतीचा चेहरा उतरला. ठकूने मात्र महाराजांच्या मिशीकडे निरखून पाहिलं. "सरकार, मग हा घाम कसला?"

"घाम?" महाराजांनी मिशी पुसली. "हा राज्याच्या काळजीचा घाम आहे, पोरी! राज्याचा विचार करणाऱ्याला असा घाम येतोच!"

"असं होय!" ठकू दिवाणजींकडे वळली. "दिवाणजींचं कपाळ तर कोरडं ठणठणीत आहे. मग ते इतकी वर्षं कसला विचार करतायत?"

दिवाणजी ताडकन उठले. "सरकार, काळजीबिळजी काही नाही! खोलीच तापलीय! कोट काढला म्हणून मी कोरडा राहिलो, तुम्हीही त्या शाली काढा!"

महाराजांनी एकदा दिवाणजींकडे पाहिलं, एकदा ठकूकडे. मग ते असे गडगडाटी हसले की दोन्ही शाली गळून पडल्या आणि ठकू दचकून दारापर्यंत मागे सरकली.

"अग, पळतेस कुठे? हरलो आम्ही!"

त्याच दिवशी हैबतीला राहतं घर कायमचं मिळालं. ठकूला चांदीचे तोडे मिळाले, आणि धर्मशाळेच्या भिंतीला अशीच दुसरी पेटी बसवायचा हुकूमही!