दरबाराला सुटली खाज

"खाज सुटली म्हणतोस? मग मला का जाणवत नाही?" भैरवराजे गरजले.

समोर रखमाजी माळी माकडासारखा अंग ओरबाडत उभा! राजाच्याच बागेतली खाजकुइलीची वेल उपटताना तिची कुसळं अंगभर लागली होती. नेमकी तेव्हाच राजाची स्वारी बागेत आली आणि ह्याचा मुजरा राहिला. हात पाठीला गेले होते, मुजरा काय पायाने करणार?

पण राजाचा न्याय ठरलेला. खरं बोललेलं ऐकणाऱ्याच्या अंगाला जाणवतं. नाही जाणवलं तर ते खोटं! दरबारी माना डोलवत होते. त्यांना दुसरं काम काय?

"महाराज, आग होतेय हो अंगाची!" रखमाजी कळवळला.

राजाने आपला दंड चाचपला. "प्रधानजी, तुम्हाला काही?"

"छे! चांगलं गार वाटतंय."

"खोटारडा! जीभ छाटा ह्याची!"

"थांबा!" रखमाजीची बायको गोजरा पदर खोचून पुढे आली. नवऱ्याची जीभ तशी काही कामाची नव्हती, पण ती गेली तर घरात भांडायचं कोणाशी? "महाराज, ह्यांना बोलता येत नाही. मी सांगते."

"सांग. पण हात लावायचा नाही, अंगावर काही टाकायचं नाही. मला जाणवलं तर नवरा सुटला. नाही तर दोघांच्याही जिभा जातील!"

"आधी माफ करा," गोजरा हळूच म्हणाली. "घरात ढेकूण झालेत. हे असे तांबडे, टच्च फुगलेले! येताना चार-पाच माझ्या लुगड्यात होते. आता दिसत नाहीत. एक प्रधानजींच्या कानामागे गेला वाटतं... आणि महाराज, हलू नका हं! तुमच्या मानेवरून एक खाली उतरतोय. हळू... हळू... गेला अंगरख्यात!"

प्रधानाने कान चोळला. सेनापती ढालीने पाठ खरवडू लागला. आणि राजा? म्हैस झाडाला घासते तसा खांबाला पाठ घासायला लागला!

"जाणवलं! खरं बोलते ही! पकडा त्याला!"

सिंहासन उलटं केलं. पागोटी सोडली. राजाला अंगरख्यातून सोलून काढला. ढेकूण काही मिळेना.

"अगं, आहे कुठे तो?"

"नव्हताच, महाराज! सकाळीच न्हाऊन धुतलेलं लुगडं नेसून आलेय मी."

"म्हणजे माझ्या तोंडावर खोटं बोललीस?"

"धडधडीत! माझं खोटं तुमच्या अंगभर फिरून आलं, आणि ह्यांचं खरं तुमच्या कानाच्या आतसुद्धा गेलं नाही. आता तुमचं खाजवून झालं, की सांगा, जीभ कोणाची छाटायची?"

राजाचा हात पाठीवरच थबकला. मग तो असा खदखदून हसला, की उघडं पोट गदगदा हललं! गोजराला सोन्याच्या पाटल्या मिळाल्या आणि रखमाजीला पाठ खाजवायला हस्तिदंती पंजा.

पंजा मात्र दुसऱ्या दिवशी मिळाला. पहिल्या दिवशी तो राजाच्याच हातून सुटत नव्हता!