टिंगीचा परागाचा लाडू

टिंगी मधमाशी इवलीशी. जन्मली माळावर, वाढली दूर डोंगरापलीकडे. आता आपल्या माळावर परत आली होती. पोळ्यात नाही, मातीत बीळ खणून राहत होती.

टिंगीला वाटलं होतं, माळावर निळा रानॲस्टर फुललेला असेल. निळ्या निळ्या पाकळ्या. मधोमध पिवळी पिवळी टिकली. फूल म्हणेल, "ये गं टिंगी, बस गं टिंगी!"

पण फूल होतं मिटलेलं. घट्ट!

आता काय करायचं? टिंगीच्या बिळात एक अंडं होतं. उद्या त्यातून बाळ येणार. बाळाला लागणार लाडू. पिवळ्या परागाचा लाडू. लाडू झाला होता फक्त अर्धा. अर्ध्या लाडवानं बाळाचं पोट कसं भरणार?

टिंगी म्हणाली, "फूलताई, फूलताई, उघड ना! माझा लाडू होईना!"

फूल म्हणालं, "माझी मान वाकलीय. ऊनच दिसत नाही. देठ ताठ होऊ दे. मग उघडते."

भुणुक भुणुक, टिंगी गेली देठाकडे. देठ होता खरखरीत. त्याच्या पानांना बारीक बारीक दाते.

"देठदादा, देठदादा, ताठ हो ना! फूल उघडेना, माझा लाडू होईना!"

देठ म्हणाला, "माझ्यावर गवत पडलंय. गवत हलू दे. मग होतो."

भुणुक भुणुक, टिंगी गेली गवताकडे.

"गवतकाका, गवतकाका, हला ना! देठ ताठ होईना, फूल उघडेना, माझा लाडू होईना!"

गवत म्हणालं, "माझ्यावर म्हैस बसलीय. दिसत नाही का एवढी मोठी? म्हैस उठू दे. मग हलतो."

भुणुक भुणुक, टिंगी गेली म्हशीकडे. म्हशीचं नाव बिजली. बिजली बसली होती डोळे मिटून. रवंथ करत. कचर कचर, कचर कचर.

"बिजलीताई, बिजलीताई, उठा ना! गवत हलेना, देठ ताठ होईना, फूल उघडेना, माझा लाडू होईना!"

बिजली म्हणाली, "हॅम्म्म! ठमामावशी हाक मारते, तेव्हा मी उठते. आज मावशीनं हाकच मारली नाही. मग कशाला उठू?"

भुणुक भुणुक, टिंगी गेली ठमामावशीकडे. मावशी म्हशी राखायची. बसली होती दगडावर, बिजलीकडे पाठ करून.

"मावशी, मावशी, हाक मारा ना! म्हैस उठेना, गवत हलेना, देठ ताठ होईना, फूल उघडेना, माझा लाडू होईना!"

मावशी म्हणाली, "मी नाही मारणार! काल तिनं लाथ मारली. चरवीभर दूध सांडलं. माझा अबोला आहे तिच्याशी. सांग तिला, आधी तू ये!"

भुणुक भुणुक, टिंगी गेली म्हशीकडे. "मावशी म्हणते, आधी तू ये."

"सांग तिला, आधी तू बोलव!"

भुणुक भुणुक, टिंगी गेली मावशीकडे. "म्हैस म्हणते, आधी तू बोलव."

"सांग तिला, आधी तू ये!"

टिंगीचे पंख दुखले. टिंगीचं डोकं दुखलं. ती मावशीच्या नाकासमोर थांबली.

"अहो, केवढ्या मोठ्या तुम्ही! केवढी मोठी ती! आणि निरोप न्यायचे मी? मी नाही जात! तुमचं तुम्हीच सांगा. नाहीतर मी चालले परत, डोंगरापलीकडे!"

"सांगते की! घाबरते का मी?" मावशी उठली. कमरेवर हात ठेवले. आणि ओरडली,

"ए बिजलेऽऽ! ऐकलंस का गं? मी तुला हाक मारणार नाहीऽऽ!"

बिजलीनं कान टवकारले.

"हाक आली! हाक आली!"

म्हैस उठली, धडाम धुडुम!
गवत हललं, सळसळ सळसळ!
देठ ताठ झाला, टण्णकन!
आणि फूल उघडलं. हळूच. एक पाकळी, दोन पाकळ्या, खूप खूप पाकळ्या. निळ्या निळ्या. मधोमध पिवळी पिवळी टिकली.

"अगं बाई! मी कुठं हाक मारली?" मावशी म्हणाली. पण बिजली पोचलीसुद्धा. तिनं मावशीचा हात चाटला. लपक लपक. मावशीला गुदगुल्या झाल्या. अबोला संपला.

टिंगी फुलात लोळली. पाय पिवळे, पोट पिवळं, मिशासुद्धा पिवळ्या! लाडू झाला, गोल गोल.

सकाळी बाळ आलं. गुबगुबीत. लाडू खाऊ लागलं. मचमच मचमच.

टिंगीनं बाहेर डोकावून पाहिलं. मावशी बिजलीला रागवत होती. बिजली ऐकत नव्हती. गवत कुरकुरत होतं.

"काय बाई ही मंडळी!" टिंगी म्हणाली. "यांना सोडून कसं चालेल? मी इथंच राहणार."

आणि तिनं फुलाच्या पायाशी दुसरं बीळ खणायला घेतलं. खर्र खर्र, खर्र खर्र.