काळजीकर आणि आस्कंदाची मुळी

फार फार मागची गोष्ट. तेव्हा डोंगरांना अजून नावं पडायची होती आणि रानातली जनावरं माणसांशी सरळ तोंड उघडून बोलत. तुम्ही लहान असा की मोठे, ऐकून ठेवा. गोष्टीतला माणूस तुमच्याआमच्यासारखाच आहे.

एका तळ्याच्या खालच्या अंगाला एक गाव होतं. तळं वर, गाव खाली आणि दोघांच्या मध्ये मातीचा लांबलचक बांध. गाव मोठं सुखी होतं, आणि त्या सुखाचं कारणही मोठं मजेशीर होतं. त्या गावात कुणीच स्वतःची काळजी स्वतः करत नसे. त्या कामासाठी गावानं एक माणूस नेमला होता. त्याला सगळे काळजीकर म्हणत.

दिवेलागणीला माणसं काळजीकराच्या अंगणात जमत. एकेक जण पुढे येई, त्याच्या कानाशी वाकून आपली काळजी सांगे आणि हलका होऊन घरी जाई. रिवाज असा, की एकदा दिलेली काळजी पुन्हा कुणापाशी बोलायची नाही. बोललं, तर ती माघारी येऊन आपल्याच मानेवर बसते, अशी सगळ्यांची खात्री होती.

काळजीकर धंद्यानं दोर वळणारा. आधीचा काळजीकर एक दिवस कुणाला न सांगता गाव सोडून पळाला, तेव्हा पाटलांनी याला बोलावून घेतलं.

"तू गप्प माणूस," पाटील म्हणाले, "तुझ्या पोटात गोष्ट राहते. आजपासून तू."

भिडस्त माणूस तो. त्याला नाही म्हणता आलं नाही.

पहिली काही वर्षं बरी गेली. मग गाव वाढलं, तशा काळज्याही वाढल्या. एकाची म्हैस आटली. दुसऱ्याची सून माहेरून यायला तयार नाही. तिसऱ्याचा मुलगा झोपेत हसतो. चौथ्याचा जावई येणार आहे, आणि त्याला तिखट चालतं की नाही तेच आठवत नाही. सगळं काळजीकराच्या कानात, कानातून डोक्यात आणि डोक्यातून छातीत जाऊन बसू लागलं.

त्याची झोप उडाली. जेवणावरची वासना गेली. पानाचा आवाज झाला तरी दचकायचा. आणि एक दिवस दोर वळताना त्याचे हात असे थरथरायला लागले, की पीळ धरेना. वळलेला दोर त्याच्यासमोर आपोआप उलगडत गेला.

बायको दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अहो, गावाच्या काळज्या वाहता, आणि माझी एक काळजी आहे ती कुणाला सांगू?"

"कसली काळजी?"

"तुमची."

काळजीकरानं उलगडलेला दोर बाजूला ठेवला. त्यानं काठी घेतली आणि तो रानात गेला. रानात एक म्हातारी अस्वलीण राहायची. मुळ्या आणि अळिंब्या तिच्याइतक्या कुणाला कळत नाहीत, असं गुराखी सांगत.

अस्वलीण एका वारुळापाशी बसून अळिंबी खात होती. तिनं त्याला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

"काय रे दादा, वाघ मागं लागलाय का?"

"नाही मावशी."

"मग असा पळून आल्यासारखा का दिसतोस? वाघ मागं लागला, की अंगातलं सगळं बळ पायात उतरतं. वाघ गेला, की ते आपल्या जागी परत जातं. तुझं ते परत जातच नाहीये. तुला रोजच वाघ दिसतोय."

काळजीकर तिच्यासमोर येऊन बसला. इतक्या वर्षांत आपल्याला काय होतंय ते त्याला कुणी इतकं सरळ सांगितलं नव्हतं.

अस्वलीण उठली. दगडगोट्यांच्या उतारावर एक करड्या पानांचं झुडूप होतं. नखांनी माती उकरून तिनं त्याची बोटाएवढी मुळी काढली आणि त्याच्या नाकाशी धरली. मुळीला घोड्याच्या अंगासारखा वास होता.

"हा आस्कंद. वैद्य याला अश्वगंधा म्हणतात. सावलीत वाळव, कुटून बारीक कर, आणि दिवस मावळला की चिमूटभर भुकटी कोमट दुधातून घे. चिमूटभर म्हणजे चिमूटभर. आणि लगेच वाघोबा होशील, असं समजू नकोस. ही मुळी सावकाश काम करते. मातीत पाणी मुरतं ना, तशी."

"आणि अळिंबी?"

"ती वारुळावरची, ओळखीची, तेवढीच खा. भाजीसारखी शिजवून. अंगात ताकद येईल. जिची ओळख पटत नाही, तिला हातसुद्धा लावू नकोस. अळिंबीच्या बाबतीत अंदाज नको. अंदाज करणारी अस्वलं म्हातारी होत नाहीत."

काळजीकरानं मुळ्या उपरण्यात बांधल्या. तो निघाला, तशी अस्वलीण मागून म्हणाली, "दादा, एक विचारू? तुझ्या डोक्यात इतकं जे भरलंय, त्यातलं तुझं स्वतःचं किती?"

काळजीकरानं ऐकलं, पण त्याचं लक्ष उपरण्यातल्या मुळ्यांकडे होतं.

त्यानं सांगितल्याप्रमाणे केलं. रोज दिवस मावळला, की बायको दूध कोमट करायची आणि तो चिमूटभर भुकटी टाकून सावकाश प्यायचा. वारुळावरच्या अळिंबीची भाजी ताटात येऊ लागली. पहिले काही दिवस काहीच झालं नाही. मग हळूहळू डोळा लागू लागला. भूक परत आली. दोराला पीळ बसू लागला. एकदा तर तो जेवताना हसला, आणि बायकोच्या हातातली भाकरी चुलीत पडली.

गावाला हे दिसलं. गावाला वाटलं, आपला काळजीकर आता तगडा झाला.

मग काय विचारता! जे आधी संकोचत, तेही येऊ लागले. एकजण म्हणाला, "माझी चप्पल सापडत नाही, जरा काळजी करा." शेजारच्या वाडीतली माणसं आपल्या काळज्या घेऊन रांगेत उभी राहू लागली.

काळजीकराला नाही म्हणता येत नव्हतंच. आता त्याला नाही म्हणायची गरजही वाटेना. त्यानं मनाशी हिशोब मांडला. चिमूटभरानं एका गावाच्या काळज्या पेलतात, तर मूठभरानं दोन गावांच्या का नाही पेलणार?

त्यानं चिमटीऐवजी मूठ भरली. संध्याकाळऐवजी सकाळ-संध्याकाळ घेऊ लागला. बायको म्हणाली, "हे औषध आहे की बैलाचं आंबोण?" त्यानं तिच्याकडे लक्ष दिलं नाही.

मुठीचं फळ लवकरच दिसलं. पोट ढवळू लागलं. अंगावर गुंगी राहू लागली. डोळे उघडे, पण मन पांघरूण घेऊन पडलेलं. अंगणात माणसं सांगत राहत आणि तो मान डोलवत "बरं, बरं" म्हणत राही. सगळ्या काळज्या त्याला एकाच उंचीच्या दिसू लागल्या.

याच दिवसांत तळं काठोकाठ भरलं.

एका संध्याकाळी कुंभारीण आली. माती आणायला ती बांधाकडे जायची. कानाशी वाकून म्हणाली, "बांधाच्या पायथ्याला पाणी पाझरतंय हो."

"बरं," काळजीकर म्हणाला. कुंभारीण हलकी होऊन घरी गेली.

मग धनगर आला. "मेंढरं बांधाखाली बसेनात. जमीन ओली लागते."

"बरं, बरं."

मग खुद्द पाटील आले. आवाज अगदी खाली आणून म्हणाले, "बांधाचं काही खरं दिसत नाही रे. बघ बाबा, काळजी कर."

"बरं."

तिघंही घरी जाऊन स्वस्थ झोपले. रिवाजाप्रमाणे तिघंही एकमेकांशी त्याबद्दल बोलले नाहीत. बांध पाझरतोय हे आपल्याशिवाय आणखी कुणी पाहिलंय, हे त्यांच्यापैकी एकालाही ठाऊक नव्हतं. आणि ज्याला ते ठाऊक होतं, तो गुंगीत बसला होता.

एका सकाळी काळजीकराला उठवेना. पोटात कळ येऊन तो अंगणातच आडवा झाला. बायकोनं भुकटीचा डबा उचलला आणि फडताळात ठेवून कुलूप लावलं.

"आता मी देईन तेवढंच, मी देईन तेव्हाच. आधी पोट बरं होऊ दे."

काही दिवस तिनं त्याला नुसत्या पेजेवर ठेवलं. पोट शांत झालं, मग पुन्हा तीच चिमूट, तेच कोमट दूध, दिवस मावळल्यावर. गुंगी ओसरली. एका सकाळी तो ओसरीवर दोर वळत बसला होता. हात शांत होते, डोकं निवळलं होतं. पीळ देता देता अंगणात ऐकलेल्या काळज्या एकेक करून डोळ्यांपुढे येऊ लागल्या, आणि आज पहिल्यांदाच त्या एका उंचीच्या दिसेनात. चप्पल लहान होती. जावई लहान होता. आणि त्यांच्यामागे काहीतरी डोंगराएवढं उभं होतं.

कुंभारीण. धनगर. पाटील.

दोर टाकून तो बांधाकडे धावला. पायथ्याशी पाणी पाझरत नव्हतं, आता वाहत होतं. त्यानं ओंजळ भरून बघितलं. पाणी गढूळ होतं. म्हणजे ते नुसतं येत नव्हतं, बांधाच्या पोटातली माती घेऊन येत होतं.

मुळी घेण्याआधीचा तो असता, तर तिथंच थरथरत बसला असता. आताही त्याला भीती वाटली, पण त्या भीतीनं त्याचे पाय बांधले नाहीत, उलट पळवले. गावाच्या पारावर येऊन त्यानं ताशा वाजवला. माणसं जमली.

"बांधाची काळजी मला कुणी कुणी दिली?" त्यानं विचारलं.

सगळे जमिनीकडे बघू लागले.

"कुंभारणीनं दिली," काळजीकर म्हणाला. "धनगरानं दिली. पाटील, तुम्ही दिलीत."

गर्दीत कुजबुज झाली. कुंभारीण धनगराकडे बघायला लागली, धनगर पाटलांकडे. "तुम्हीपण?" "म्हणजे तूपण?"

पाटील चिडले. "नाव घेतोस? एकदा दिलेली काळजी परत करणं आपल्याकडे नाही. तुला नेमलाय कशाला?"

काळजीकरानं आयुष्यात कधी पाटलांच्या डोळ्यांत बघितलं नव्हतं. आज बघितलं.

"पाटील, तुमची काळजी मी एकट्यानं वाहिली. बांधावर माती टाकायची आहे. तीही मी एकट्यानं वाहू?"

मग कुंभारणीनं पदर खोचला. "माती कुठली घ्यायची ते मला विचारा. चिकण हवी," असं म्हणत ती पुढे झाली. धनगर घमेलं आणायला पळाला. ते बघून सगळं गाव उठलं. कुणी फावडं घेतलं, कुणी टोपली. पाटीलसुद्धा धोतर वर खोचून रांगेत उभे राहिले.

दिवसभर माती पडत राहिली. काळजीकर बांधावर उभा राहून कुठं टाकायची ते सांगत होता. त्याचा आवाज कापत नव्हता.

बांध वाचला. पण तिघांनी मनातलं बोलायला आणि एकानं शुद्धीवर यायला जो वेळ घेतला, त्याची भरपाई कुठून होणार? बांधाचा एक कोपरा खचलाच. त्या पाण्यानं खालची भातशेती गाळाखाली गेली, आणि त्या वर्षी गावानं नाचणीवर दिवस काढले. नाचणी खाताना जो तो दुसऱ्याला विचारायचा, "तू आधी का नाही बोललास?"

पुढे रिवाज बदलला. लोक अजूनही दिवेलागणीला काळजीकराच्या अंगणात येतात. पण काळजी सांगून झाली, की तो विचारतो, "मग उद्या तू यातलं काय करणार आहेस?" उत्तर मिळाल्याशिवाय तो उठू देत नाही. चप्पल हरवलेल्याला तर तो म्हणाला, "घरी जा आणि खाटेखाली बघ." ज्या काळजीवर कुणाचाच इलाज नाही, तेवढीच तो नुसती ऐकून घेतो, आणि तीही सगळे मिळून ऐकतात.

गावानं कुंपणाकडेला आस्कंद लावला. दिवस मावळला, की घरोघरी दूध कोमट होतं आणि त्यात चिमूटभर भुकटी पडते. पोटुशी बाईला किंवा दुसरं औषध चालू असलेल्याला वैद्याला विचारल्याशिवाय देत नाहीत. माणसं निवांत झोपतात आणि सकाळी उठून आपापली कामं करतात. आणि काळजीकराचे दोर आता इतके पक्के असतात, की शेजारच्या वाडीतली माणसं काळज्या ठेवायला येत नाहीत, दोर न्यायला येतात.

तात्पर्य: औषधी मुळी माणसाला उभं राहायचं बळ देते, पण ओझं किती घ्यायचं, हे माणसालाच ठरवावं लागतं.