चुलीखालचा आवाज

फार पूर्वी तांब्याच्या टेकडीवर वसलेलं एक गाव होतं. टेकडीच्या पोटात भुयार खणायचं, दगड फोडून भट्टीत वितळवायचा आणि निघालेल्या तांब्याचे हंडे-पराती घडवायच्या, हा तिथला धंदा.

गावात एक रीत होती. भांड्याला भोक पडलं, पोचा आला, कान तुटला, की ते गावामागच्या घळीत फेकून द्यायचं. वितळवून नवं करायचं नाही. जुन्या तांब्याला जुन्या घराचं दुःख चिकटलेलं असतं म्हणे. लेकीला लग्नात तर कोऱ्या तांब्याचाच हंडा द्यायचा.

गावच्या पाटलीणबाईंच्या मुलीचं लग्न ठरलं. तांबट म्हणाला, "बाई, तांब्याचा दगड आता फार आत गेलाय. घळीत फुटक्या भांड्यांची एवढी मोड पडलीय, तिचा हंडा करू का? लाकूडही कमी जळेल."

"माझ्या लेकीच्या डोक्यावर लोकांची मोड?" पाटलीणबाई म्हणाल्या. "खाणीत माणसं लावा. लागेल तेवढं खणा."

खणणं सुरू झालं.

लग्न तोंडावर आलं. पाटलीणबाईंनी चुलीवर पुरणाची डाळ चढवली होती. मुलगी शेजारी गूळ चिरत होती. एवढ्यात चुलीखालून ठक ठक ऐकू आलं. मग ते थांबलं, आणि विचार करा, जमिनीतून माणूस बोलला.

"वर कोण हाय? चूल जरा विझवता का? डोकं भाजतंय माझं."

दोघी थिजल्या. मग पाटलीणबाई चुलीशी वाकल्या.

"कोण आहे?"

"मी रावबा, खाणीतला. घर कुणाचं हे?"

"पाटलांचं."

मग आवाज आला, "म्हणजे बाई, तुमच्याच हंड्याचा दगड काढतोय मी. तांब्याची रेघ वळली तसा वळलो. डोक्यावर कुणाचं घर आहे, खाली कसं कळणार?"

"अरे बाबा, मग परत जा ना."

"जातो, पण वाट कुठंय? मागची माती आत्ताच बसली."

मुलीने पातेलं उतरवलं, चुलीवर पाणी ओतलं आणि कोपऱ्यातली पहार उचलली.

"अगं, लग्नघरची चूल ती," पाटलीणबाई पुटपुटल्या.

"आई, खाली माणूस आहे."

मग मात्र आईनेही हात लावला. चूल फुटली, भोक पडलं. दोघींनी दोर सोडून रावबाला वर ओढलं. तिघं अंगणात पोचतात न पोचतात, तोच मागे सगळं स्वयंपाकघर खाली गेलं. आंदणाची भांडीही गेली.

गाव धावत आलं. खड्ड्यात वाकून पाहिलं. भुयार एकच नव्हतं. शेजारच्या घराखाली होतं, विहिरीखाली होतं, देवळाखालीही होतं. आपण इतकी वर्षं भाकरीएवढ्या पापुद्र्यावर नांदत होतो, हे गावाला त्या दिवशी कळलं.

खाण बंद झाली. बायका टोपल्या घेऊन घळीत उतरल्या. तांबटाने भट्टी पेटवली. जिथे दगडाला गाडीभर लाकूड लागायचं, तिथे मोडीला चार मोळ्या पुरल्या. त्यातून हंडा झाला, तो कोऱ्या हंड्यासारखाच झळझळीत.

"कुणाच्या घरचं तांबं हे?" पाटलीणबाईंनी विचारलं.

"आता कसं सांगू?" तांबट म्हणाला. "वितळल्यावर सगळं एकच."

लग्न लागलं, पण वाजंत्री वेशीबाहेर उभे केले. वरात अनवाणी निघाली. नवरीला निरोप देताना बाकीच्या आया रडतात, पाटलीणबाई मात्र जमिनीकडे बघत एवढंच म्हणत राहिल्या, "हळू चाल पोरी, हळू."

पोकळ झालेली टेकडी पुन्हा कुणाला भरता आली नाही. त्या गावात अजूनही कुणी मुसळ जोरात मारत नाही.

बोध: मोडलेल्या धातूला जो पुन्हा कामाला लावतो, त्याच्या पायाखालची जमीन शाबूत राहते.