टिटवीने जागा दाखवली

एका जंगलाच्या कडेला, माळावर, एक टिटवी राहत असे. टिटवी घरटं बांधत नाही, उघड्या खड्यांतच अंडी घालते. हसू नका, तुमची दप्तरं कुठं पडलेली असतात ते मला ठाऊक आहे. तर ही अंडी दिसायला अगदी खड्यांसारखी, म्हणून चितळांच्या खुरांखाली चिरडायची. शेवटी टिटवीने चितळाशी करार केला : तिने वाघाची चाहूल द्यायची, त्याने अंडी वाचवून चालायचं. त्यासाठी तिने त्याला नेमकी जागाही दाखवली.

चितळाने शब्द पाळला. एक खूर तिकडे पडला नाही. पण एके सकाळी टिटवी पाणी पिऊन परतली, तर जागेवर नुसती टरफलं, आणि मुंगूस मिशा पुसत चाललेलं.

"अरे चितळा, जागा कुणाला सांगितलीस?"

"मुंगसाला नाही हं. फक्त वानराला. तो झाडावरून आम्हाला पाला टाकतो, आमचा भागीदारच. त्याच्यापासून काय लपवायचं?"

वानर फांदीवर खाजवत म्हणाला, "आणि मुंगूस साप मारतं, म्हणून ते माझं भागीदार. पण मावशी, अंडी खा असं मी थोडंच म्हटलं?"

"मेल्यांनो, जागा मी अंड्यांवर पाय पडू नये म्हणून दाखवली होती. न्याहारीला नाही."

"कुणाला सांगू नको, हे करारात कुठं होतं?" चितळ रवंथ करत म्हणाला. "बरं, पुढच्या वेळी नाही सांगणार. अगदी घरच्यांना सोडून."

टिटवीने दगडावर डोकं आपटायचं तेवढं बाकी ठेवलं.

पुढे तिने पुन्हा अंडी घातली. चितळ लगबगीने आला. "यंदा कुठं?"

"जागा घेऊन काय करणार? पाय कुठं ठेवायचा नाही, एवढंच हवं ना तुला? चालत राहा. जवळ आलास की मी ओरडेन, तू वळ."

टिटवीच्या ओरडण्यासरशी चितळ वळू लागला. वानराने मावशी-मावशी करून पाहिलं, त्याला काही मिळालं नाही. मुंगूस आलं, की टिटवी लांब भलत्याच खड्यांवर बसून गळा काढे, आणि ते बिचारं तिथली माती उकरत बसे. यथावकाश पिल्लं बाहेर आली आणि आईमागे तुरुतुरु पळू लागली. वानर अजून विचारतोच आहे, "मावशी, अंडी कुठं ठेवली होतीस गं?"

तात्पर्य : भागीदाराला कामापुरतंच सांगावं, आणि सांगितलेलं कशाला वापरायचं ते सांगतानाच ठरवून घ्यावं, कारण आपल्या भागीदारालाही भागीदार असतात, आणि त्यांतल्या एखाद्याला भूक लागलेली असते.