गोजरी आणि एकोणीस घरं

बहावनगरी नावाचं एक शहर होतं. वसंत आला की तिथल्या रस्त्यांवर पिवळ्याजर्द फुलांची झुंबरं लोंबायची. घरंही फुलांसारखीच रंगीत होती, गुलाबी भिंतींची, पोपटी खिडक्यांची आणि निळ्यासावळ्या कौलांची. त्याच शहरात एक आठ वर्षांची मुलगी होती आणि यातलं एकही घर तिचं नव्हतं. तिचं नाव गोजरी.

गोजरीचे बाबा वेताच्या टोपल्या विणायचे, आई त्या बाजारात विकायची आणि धाकटा छबू नुकताच रांगायला लागला होता. पूर्वी ते बाजारामागच्या आळीत एका भाड्याच्या खोलीत राहायचे. खोली इवलीशी होती, पण तिला दार होतं आणि दाराला कडी होती. मग दर दिवाळीला भाडं वाढत गेलं. बाबा जास्त जास्त टोपल्या विणू लागले, तरी पुरेना. शेवटी घरमालक म्हणाले, "माझा नाइलाज आहे, जास्त देणारे दाराशी उभे आहेत." आणि गोजरीच्या घरातलं सामान रस्त्यावर आलं.

तेव्हापासून ते नदीवरच्या दगडी पुलाच्या कमानीखाली राहत होते. तिथे अशी एकोणीस बिऱ्हाडं होती. अर्ध्या शहराच्या भिंती ज्यांनी रचल्या ते कोंडाजी गवंडी तिथे होते. देवळातल्या सगळ्या माळा गुंफणारी भिमाबाई तिथे होती. सगळेजण दिवसभर राबायचे, पण शहरातलं भाडं कुणालाच झेपत नव्हतं. आणि भर पेठेत कितीतरी घरं कुलूप लावून पडलेली होती. आणखी जास्त भाडं देणारा कुणीतरी येईल म्हणून मालक थांबले होते, आणि आत कबुतरं आरामात नांदत होती.

एके दिवशी सकाळी दवंडीवाला पुलावर येऊन उभा राहिला. ढमढम ढोल वाजवून तो म्हणाला, "ऐका हो ऐका. उद्या राणीसाहेबांची वसंताची मिरवणूक या पुलावरून जाणार आहे. आज सूर्य मावळायच्या आत कमानी रिकाम्या करायच्या. जो थांबेल त्याला वेशीबाहेर काढलं जाईल."

आई गोधड्यांच्या घड्या घालू लागली.

"आई, आपण कुठे जायचं?" गोजरीनं विचारलं.

"बघू," आई म्हणाली. गोजरीला माहीत होतं, आई बघू म्हणते तेव्हा तिलाही ठाऊक नसतं.

बाबांनी एक मोठी टोपली तिच्या हातात दिली. "राजबागेतल्या माळ्यांनी मागवली आहे. एवढी पोचवून ये, बाळ. मग आपण निघू."

राजबागेत माळ्यांची नुसती धांदल उडाली होती. मिरवणुकीसाठी ते फुलं खुडत होते. लाल कण्हेर, जांभळी कोरांटी, केशरी अबोली, पांढराशुभ्र मोगरा, सगळं टोपल्यांत भरभरून जात होतं. गोजरीनं आपली टोपली दिली आणि ती परत निघाली, इतक्यात सोनचाफ्याच्या झाडाखालून तिला बारीकसा हुंदका ऐकू आला.

तिनं वाकून पाहिलं. वाळक्या पानावर अंगठ्याएवढी एक परी बसली होती. तिचे चिमुकले पंख दवासारखे चमचमत होते, झग्यावर सोनेरी परागांची नक्षी होती, आणि तिच्या डोळ्यांतून मोहरीएवढी आसवं ओघळत होती.

"मी गोजरी. काय झालं गं तुला?" तिनं हळूच विचारलं.

"त्या फांदीवर माझी कळी होती," परी म्हणाली. "मी तिच्यात राहायचे. बाहेर जरा वाऱ्यावर खेळायला गेले आणि परत आले तर कळी नाही. आता मी कुठे जाऊ?"

गोजरीच्या कमरेला एक टोपलुली बांधलेली होती, मुठीएवढी, झाकणाची. बाबांनी तिच्या वाढदिवसाला विणून दिलेली. आपलं म्हणावं असं तिच्याजवळ तेवढंच होतं. आत तिचे सागरगोटे होते. ते तिनं ओच्यात ओतले, सावरीखाली पडलेला मऊ कापूस गोळा करून टोपलुलीत पसरला आणि टोपलुली चाफ्याच्या फांदीला घट्ट बांधली.

"राहा इथे," ती म्हणाली. "झाकण लावलं की वारा लागणार नाही. आणि भाडंबिडं काही नाही हं."

परी टुण्णकन उडून आत गेली. झाकण उघडलं, मिटलं, पुन्हा उघडलं. आणि मग टोपलुलीच्या वेतावेतामधून असा काही लखलखाट बाहेर पडला की चाफ्याचं पानन् पान सोन्याचं झालं.

"माझं नाव झुळूक," परी म्हणाली. "बेघर झालेल्या परीला ज्यानं घर दिलं, त्याची एक इच्छा ती पुरी करते. माग गोजरी, काय हवं?"

गोजरीच्या ओठांवर शब्द आलेच होते. "आम्हाला घर हवं."

"आम्हाला म्हणजे किती जणांना?" झुळूकनं विचारलं.

गोजरीला कोंडाजीकाका आठवले. पहिल्या दिवशी त्यांनी आपली अर्धी भाकरी तिला दिली होती. भिमाबाई आठवली. थंडीत तिनं आपली घोंगडी गोजरीच्या घरातल्या सगळ्यांवर पसरली होती.

"सगळ्यांना," ती म्हणाली. "एकोणीस बिऱ्हाडांना."

झुळूकचे पंख थरथरले. "नीट ऐक. तुझ्या एका घराला काहीच अट नाही. आत्ता मागितलंस तर आत्ता मिळेल. पण सगळ्यांसाठी मागितलंस तर तीन अटी आहेत. पहिली, सूर्य मावळायच्या आत मागायचं. दुसरी, भिंती मी देईन, जमीन मात्र माणसांची असते, ती कुणीतरी राजीखुशीनं द्यायला हवी. कुणाचं मन मी जादूनं वळवत नाही. आणि तिसरी, ज्यांच्यासाठी घर मागशील त्या प्रत्येकाचं नाव तुला त्याच्या तोंडून कळलेलं असायला हवं. यातली एक जरी अट राहिली तर कुणालाच काही मिळणार नाही. तुलाही नाही."

गोजरीनं आभाळाकडे पाहिलं. सूर्य डोक्यावरून थोडासा कललेला होता.

"सगळ्यांना," ती पुन्हा म्हणाली आणि पळत सुटली. झुळूक तिच्या वेणीत जाऊन बसली.

राणी हेमावती बागेतल्या तळ्याकाठी झोपाळ्यावर बसून मिरवणुकीचे हार निवडत होत्या. शेजारी दिवाणजी उभे होते. गोजरी धापा टाकत समोर येऊन उभी राहिली. पहारेकरी पुढे झाला, पण राणीनं हातानं त्याला थांबवलं.

"काय गं पोरी, एवढी धावत का आलीस?"

"राणीसाहेब, मी पुलाखाली राहते. आम्हाला संध्याकाळच्या आत जायला सांगितलंय. पण जायला जागाच नाही."

"जागा नाही कशी? माझ्या शहरात हजारो घरं आहेत. भाड्यानं घ्यावं एखादं."

"घेतलं होतं," गोजरी म्हणाली. "बाबांच्या टोपल्या तेवढ्याच राहिल्या आणि भाडं वाढत गेलं. कोंडाजीकाकांनी तर तुमच्या महालाच्या पायऱ्या बांधल्यात. त्यांनाही घर परवडत नाही. आणि पेठेत कितीतरी घरं नुसती कुलूप लावून पडलीत."

राणीचा झोपाळा थांबला. त्या दिवाणजींकडे वळल्या. "हे खरं आहे?"

"खरं आहे, राणीसाहेब," दिवाणजी म्हणाले.

"मग यांना टेकडीपलीकडची जागा द्या," राणी म्हणाल्या.

गोजरीला खूप भीती वाटत होती. राणीला नको म्हणायचं तरी कसं? पण तिला आईचे भेगाळलेले पाय आठवले. "राणीसाहेब, टेकडीपलीकडून बाजारात यायला अर्धा दिवस लागतो. आई टोपल्या कधी विकणार? भिमाबाई तर पहाटे देवळात माळा पोचवते. आम्हाला जवळची जागा हवी. बाजारामागचं ते मैदान आहे ना, मोठ्ठं, तिथे कुणीच नसतं."

"ते हत्तींसाठी राखलेलं आहे," दिवाणजी घाईघाईनं म्हणाले.

"पण हत्ती कुठे आहेत?" गोजरीनं विचारलं.

राणीनं दिवाणजींकडे पाहिलं. दिवाणजी खाकरले. "हत्ती नाहीत, राणीसाहेब. शेवटचा हत्ती गेला त्याला वीस वर्षं झाली."

राणी आधी चकित झाल्या आणि मग खुदकन हसल्या. हसता हसता त्यांचे डोळे पाणावले. "नसलेल्या हत्तींना मैदान आणि असलेल्या माणसांना कमान," त्या म्हणाल्या. "दिलं. राजीखुशीनं दिलं. आणि दिवाणजी, लिहून घ्या. या घरांचं भाडं माणसाच्या कमाईला झेपेल एवढंच राहील, आणि कुणाला वाढवू दिलं जाणार नाही. पेठेतल्या कुलपांचंही उद्यापासून बघू."

गोजरीला हसू आवरेना. ती वाऱ्यासारखी पुलाकडे धावली. आता नावं.

"काका, तुमचं नाव तुमच्या तोंडून सांगा. लवकर."

"कोंडाजी. का गं?"

"नंतर सांगते."

ती एका कमानीतून दुसऱ्या कमानीत उड्या मारत होती. भिमाबाई, तुळसा, रखमाजी, वेणू, संभू, जानकू. रोज दिसणारी माणसं, पण कितीतरी जणांची नावं तिला आज पहिल्यांदाच कळत होती. नाव सांगताना जो तो जरासा ताठ बसायचा. छबूला मात्र नाव सांगता येईना. गोजरीनं त्याच्या गालावर गाल टेकवला. "तुझं नाव काय रे?"

"बू," छबू म्हणाला.

"चालेल," वेणीतून झुळूक कुजबुजली.

सूर्य आता नारिंगी होऊन नदीच्या पाण्याला टेकायला आला होता. आणि एकच नाव राहिलं होतं.

अगदी शेवटच्या कमानीत एक म्हातारी एकटीच राहायची. ती कुणाशी बोलत नसे. मुलं जवळ गेली की काठी आपटायची. सगळे तिला नुसतं कुरकुरी म्हातारी म्हणायचे.

"आजी, तुमचं नाव काय?"

"चल नीघ इथून. आलीय मोठी नाव विचारायला." काठी दगडावर खाडकन वाजली.

"गोजरी, वेळ जातोय," झुळूक म्हणाली. "अठरा बिऱ्हाडांची नावं झाली आहेत. अठराच घरं मागितलीस तरी अटी पुऱ्या होतात."

गोजरीच्या डोळ्यांत पाणी आलं. आई पलीकडे बोचकं बांधून उभी होती. गोजरीनं अठरा म्हटलं असतं, तर कुणी तिला दोष दिला नसता. पण ती म्हातारीसमोर खाली बसली आणि तिनं तिचा सुरकुतलेला हात हातात घेतला.

"मी गोजरी," ती म्हणाली. "सहा महिने इथे राहते, पण तुम्हाला कधी नाव विचारलं नाही. चुकलंच माझं. आजी, सांगा ना."

म्हातारीनं हात सोडवून घेतला नाही. मग तिचे ओठ हलले. "मला आठवायला हवं बाई. कुणी हाक मारून किती वर्षं झाली." सूर्याची नुसती कोर उरली होती. "मोहना," ती म्हणाली. "माझं नाव मोहना."

"झुळूक," गोजरी म्हणाली, "आम्हा एकोणीस बिऱ्हाडांना घरं दे."

झुळूक वेणीतून भिर्रकन वर उडाली. पुलावरून, बाजारावरून, थेट हत्तींच्या मैदानावर. सगळी माणसं बोचकी टाकून तिच्यामागे धावली. तिनं चिमुकला हात फिरवला आणि गवतातून घरं उगवू लागली. आधी पायरी, मग उंबरा, मग भिंती. पाकळी उमलावी तशी एकेक भिंत उमलत होती. एक घर शेंदरी, एक मोरपंखी, एक डाळिंबी, एक ताज्या लोण्यासारखं. इवल्या इवल्या खिडक्या टकटक उघडल्या. कौलं घुंगरांसारखी छुमछुमत जागेवर बसली. कोंडाजी भिंतीवरून हात फिरवत म्हणाले, "ओळंब्यात आहे. अगदी सरळ आहे." आणि ते लहान मुलासारखे रडू लागले. आई दारात उभी राहून कडी लावत होती, काढत होती, पुन्हा लावत होती.

गोजरी आत जाऊन जमिनीवर आडवी झाली. वर छप्पर होतं. चारी बाजूंना भिंती होत्या. इतक्यात दारावर टकटक झाली. पुलाखाली असताना असं कधी झालं नव्हतं. टकटक करायला तिथे दारच नव्हतं.

तिनं दार उघडलं. बाहेर मोहनाआजी उभ्या होत्या, काठी टेकून, लाजल्यासारखं हसत. "आत येऊ का?"

"या ना आजी," गोजरी म्हणाली.

उंबरठ्यावर झुळूक बसली होती. तिचा झगा आता विरळ होत चालला होता, आणि आतून नुसता उजेड दिसत होता.

"चाललीस?" गोजरीनं विचारलं.

"माझं काम झालं," परी म्हणाली. "नावं मात्र विसरू नकोस."

मग तो उजेड वाढत गेला, आधी मोत्यासारखा, मग चांदण्यासारखा, मग इतका लख्ख की सगळ्यांनी डोळे मिटले. डोळे उघडले तेव्हा परी नव्हती. तिच्या उजेडाचे एकोणीस कण झाले होते, आणि प्रत्येक घराच्या दाराशेजारच्या देवळीत एकेक पणती तेवत होती.

गोजरी पायरीवर येऊन उभी राहिली. एकेका दिव्याकडे बोट दाखवत ती नावं घेऊ लागली, आणि त्या त्या दारातून "ओ" येत राहिली.