पहिल्या रांगेतला साडू

"बाबा, हसू थांबवायचा काही उपाय आहे का?"

अमृतगिरी बाबा भुईमुगाच्या शेंगा फोडत बसले होते. त्यांनी मान वर केली नाही.

"कुणाचं हसू?"

"माझं."

आता मात्र बाबांनी वर पाहिलं.

सुधाकर कोठावदे बारा वर्षं दर गुरुवारी गिरणेकाठच्या त्या मठात येत होते. संस्कृतचे निवृत्त शिक्षक. उपनिषदं तोंडपाठ, उच्चार स्वच्छ, धोतर त्याहून स्वच्छ. दुसरं कुणी श्लोक म्हणताना चुकलं तर ते डोळे मिटून घेत. त्यांना हसताना मठात कुणीही पाहिलं नव्हतं.

"ध्यानाला बसलो की तो समोर येऊन बसतो," सुधाकर म्हणाले. "आणि मग मला हसू फुटतं. काल पूजेत फुटलं. परवा बँकेत, रांगेत उभा होतो... तिथे. लोक बघत होते."

"तो म्हणजे कोण?"

"भालू. माझा साडू. भालचंद्र शिरुडे." ते थांबले. "गेला, बाबा. महिना झाला."

बाबांच्या हातातली शेंग तशीच राहिली. ते दीड महिना नर्मदेकडे होते, आदल्याच दिवशी परतले होते. त्यांना कुणी सांगितलं नव्हतं.

"शेगडीवाला भालू?"

"तोच."

बाजारपेठेत भालूचं कुकर आणि गॅसच्या शेगड्या दुरुस्त करायचं दुकान होतं. मठातली भंडाऱ्याची मोठी शेगडी त्यानेच नीट करून दिली होती. काम संपल्यावर हात पुसत त्याने बाबांना विचारलं होतं, "बाबा, मोक्ष मिळाल्यावर तिकडे चहा मिळतो का हो?" बाबा म्हणाले होते, "ठाऊक नाही रे." "मग इथेच पिऊन घेऊ," असं म्हणून त्याने स्वतःच आधण ठेवलं होतं.

"कसा गेला?"

"दुकानात. भर दुपारी. एक बाई कुकर घेऊन आल्या होत्या. शिट्टी होत नाही म्हणाल्या. भालू म्हणाला, लाजत असेल, नवीन माणसांसमोर शिट्टी मारायला. बाई हसल्या. त्याने टेबलावर डोकं ठेवलं... बाईंना वाटलं, चेष्टा करताहेत. त्या हसत उभ्या राहिल्या. आता उठेल, मग उठेल. शेजारचा दुकानदार आला, तोही हसत उभा राहिला..."

सुधाकरांनी पुढचं सांगितलं नाही.

वाऱ्याने टरफलं इकडेतिकडे झाली. बाबांनी ती गोळा केली.

"मग यात हसण्यासारखं काय आहे?"

"तेच म्हणतो मी," सुधाकर जरा चढ्या आवाजात म्हणाले. "मला मरणाचं दुःख नाही, बाबा. तेवढी तयारी आहे माझी. वडील गेले तेव्हा मी रडलो नाही. आई गेली तेव्हा नाही. भालू गेला त्या रात्रीही शांत होतो. सगळ्यांना मीच धीर दिला. पण तेराव्याला..."

"तेराव्याला काय?"

"मंडपात श्रद्धांजलीची सभा होती. दोनशे माणसं. शेवटी मी बोलायचं ठरलं होतं. मी उभा राहिलो. म्हणालो, वस्तुतः मृत्यू म्हणजे... आणि मला हसू फुटलं."

बाबा वाट पाहत राहिले.

"लहान हसू नव्हतं ते. मी खांबाला धरून उभा होतो. पाच मिनिटं थांबेना. सगळे माना खाली घालून बसले. शैला, म्हणजे भालूची बायको, पुढेच बसली होती. ती उठली आणि आत निघून गेली. त्यानंतर मी त्या घरी गेलेलो नाही. माझी बायको तिची सख्खी थोरली बहीण. ती एकटी जाते आणि येऊन गप्प बसते."

"हसलास कशाने?"

"वस्तुतः..." सुधाकर म्हणाले, आणि तिथेच अडखळले. ओठ थरथरले. त्यांनी उपरणं तोंडावर धरलं.

थोड्या वेळाने त्यांनी सांगितलं.

त्यांना गावोगावी व्याख्यानांना बोलावत. भालू प्रत्येक व्याख्यानाला यायचा. इस्त्रीचा शर्ट घालून, पहिल्या रांगेत, अगदी मधोमध. मांडीवर वही, हातात पेन्सिल. इतक्या गंभीरपणे लिहून घ्यायचा की सुधाकरांना वाटे, याच्यात सुधारणा होतेय. एकदा व्याख्यान संपल्यावर भालूने वहीचा कागद फाडून त्यांच्या खिशात घातला. घरी येऊन पाहिलं तर कागदावर नुसत्या उभ्या रेघा. चार उभ्या, एक आडवी. चार उभ्या, एक आडवी. खाली लिहिलं होतं, "मास्तर, आज तुम्ही वस्तुतः सदतीस वेळा म्हणालात. रामनवमीला बावन्न होते. तब्येत बरी आहे ना?"

"मी चिडलो. आठ दिवस बोललो नाही. पुढच्या व्याख्यानाला पुन्हा तिथेच. मी पहिल्यांदा तो शब्द उच्चारला की हा एक बोट वर करायचा. छातीशी, कुणाला दिसणार नाही असं. तीस वर्षं, बाबा. तीस वर्षं मी तो शब्द टाळायला बघतोय, आणि तो समोर दिसला की नेमका तोच तोंडात येतो."

"आणि तेराव्याला?"

"मी तो शब्द म्हणालो. आणि खाली पाहिलं, पहिल्या रांगेत, मधोमध."

बाबांनी आणखी एक शेंग फोडली.

"मला एखादा मंत्र द्या. नियम द्या. उपास सांगा. हे जायला हवं. बारा वर्षांच्या साधनेचं हसं होतंय."

"त्या दिवशी पुढे काय बोलणार होतास?"

सुधाकरांनी पिशवीतून कागद काढले. सात पानं, सुरेख अक्षर. अजून जवळच बाळगली होती.

"वाच."

सुधाकर सावरून बसले. घसा साफ केला आणि वाचू लागले. आत्म्याचं अविनाशित्व आलं. देह म्हणजे वस्त्र, हे आलं. घटाकाश आलं, मठाकाश आलं. आवाज चढत गेला, लागला. त्यांना बरं वाटू लागलं. तिसऱ्या पानाच्या शेवटी त्यांनी दाद घ्यायला मान वर केली.

समोर कुणी नव्हतं.

बाबा परसात गाईला टरफलं घालत होते.

सुधाकर कागद हातात धरून तसेच बसून राहिले. बाबा सावकाश परत आले, हात झटकले, बसले.

"तुम्ही उठून गेलात."

"हो."

"मी वाचत होतो."

"ऐकू येत होतं तिकडे."

"माझ्या व्याख्यानातून आजवर कुणी उठून गेलेलं नाही, बाबा."

"असं?" बाबा म्हणाले. "त्या सात पानांत भालू कितव्या पानावर आहे?"

सुधाकरांनी पानं चाळली. एकदा पुढून. एकदा मागून.

"नाव आहे," ते म्हणाले. "सुरुवातीला. कैलासवासी म्हणून."

बाबांनी पुढची शेंग उचलली.

"शैलाकडे जा."

"क्षमा मागू?"

"क्षमा कसली? हसलास का, तेवढं सांग."

"ती मला दारात उभं करणार नाही."

"मग दाराबाहेरून सांग."

"बाबा, नवरा गेलेल्या बाईला मी असलं... रेघांचं, बोटाचं..."

बाबांनी पुन्हा मान खाली घातली. शेंगा फुटण्याचा तेवढा आवाज राहिला. सुधाकर बराच वेळ बसले. मग उठून नमस्कार करून निघाले.

ते लगेच गेले नाहीत. दोन दिवस घरात येरझाऱ्या घातल्या. तिसऱ्या दिवशी सकाळी बायकोने, प्रमिलाने, चप्पल आणून पायाशी ठेवली.

शैलाने दार उघडलं. अंगावर साधं लुगडं, हात पिठाचे. त्यांना पाहून ती बाजूला झाली नाही आणि दार लावूनही घेतलं नाही.

"मी बसायला आलो नाही," सुधाकर म्हणाले. "त्या दिवशी का हसलो, ते सांगायला आलोय."

आणि त्यांनी उंबऱ्याबाहेर उभं राहून सांगितलं. आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना धड बोलता येईना. वाक्यं अर्धी राहिली, शब्द सापडेनात. रेघांचं सांगितलं, बावन्नचं सांगितलं, छातीशी धरलेल्या बोटाचं सांगताना स्वतःचंच बोट वर गेलं आणि ते तसंच राहिलं.

शैला ऐकत होती. तिच्या चेहऱ्यावर काही दिसत नव्हतं.

"हे मला कधीच सांगितलं नाही यांनी," ती शेवटी म्हणाली.

"सांगण्यासारखं काय होतं..."

"महिना झाला, भाऊजी. रोज लोक येतात. देवमाणूस होते म्हणतात. सगळ्यांना हसवायचे म्हणतात. मला ठाऊक असलेलंच मला सांगतात. मला वाटलं, आता यांच्याबद्दल नवीन काही ऐकायला मिळणारच नाही. जेवढं होतं तेवढं झालं." तिने पिठाच्या हाताने डोळा पुसला, गालाला पीठ लागलं. "किती म्हणालात? बावन्न?"

"बावन्न. रामनवमीला."

ती हसली. हसता हसता दाराच्या चौकटीला टेकली, मग खालीच बसली, आणि रडू लागली. सुधाकरही उंबऱ्यापलीकडे बसले. समोरच्या घरातली बाई बाहेर येऊन पाहून गेली.

"आत या," शैला म्हणाली. "चहा टाकते."

चहा घेताना तिने विचारलं, "पण हे तुमच्या व्याख्यानांना का यायचे, ते ठाऊक आहे ना तुम्हाला?"

"माझी चेष्टा करायला."

"नाही हो." सांगावं की नाही, असं तिचं चाललेलं दिसलं. "तुम्हाला राग येईल."

"सांग."

"सुरुवातीला एकदा सटाण्याला गेले होते तुमच्याबरोबर. घरी आले तर जेवेनात. म्हणाले, मास्तर बोलायला लागले आणि माणसं एकेक उठून जायला लागली. निम्मं सभागृह रिकामं झालं. मास्तर विद्वान माणूस, त्यांना ते दिसलं असतं तर मोडून पडले असते. म्हणाले, यापुढे मी मधोमध बसणार आणि असं काहीतरी करणार की मास्तरांची नजर माझ्यावरून हलणार नाही. काय करतात ते मात्र सांगायचे नाहीत." तिने कप खाली ठेवला. "ताप असला तरी जायचे. दुकान बंद ठेवून जायचे. मी भांडायची. म्हणायचे, अगं, मला जायलाच हवं, मी गेलो नाही तर मास्तर इकडेतिकडे बघतील."

सुधाकरांचा चहा निवला.

मग त्यांनी विचारलं, "सगळ्याच व्याख्यानांना... उठून जायचे लोक?"

"नाशिकला बसले होते म्हणाले," शैला म्हणाली. "पाऊस होता बाहेर."

गुरुवारी सुधाकर मठात आले. नेहमीची पोथी आणली नव्हती. धोतराचा काठ चिखलाने भरला होता, त्यांचं लक्ष नव्हतं.

बाबा ओसरीवर होते. सुधाकरांनी नमस्कार केला आणि सगळं सांगितलं. काही गाळलं नाही. सटाण्याचंही नाही, नाशिकच्या पावसाचंही नाही.

बाबा पोट धरून हसले. मग त्यांनी छाटीच्या टोकाने डोळे पुसले.

"काल ध्यानाला बसलो," सुधाकर म्हणाले. "तो आला. मी हसलो नाही. नुसता बघत राहिलो त्याच्याकडे."

"मग?"

"मला वाटायचं, याला मी पुरता ओळखून आहे. थोडा उथळ आहे, पण मनाने चांगला आहे... असं मी लोकांना सांगायचो, बाबा. त्याच्यासमोर सांगायचो. तो मान डोलवायचा. तीस वर्षं समोर बसला होता. आणि तो मला कळलाच नाही."

वडील गेले तेव्हा रडले नव्हते, आई गेली तेव्हा नाही. आता ओसरीवर, चार माणसांसमोर, लहान मुलासारखे रडत होते.

बाबांनी त्यांना रडू दिलं. कुणी पाणी घेऊन पुढे झालं, त्याला हातानेच थांबवलं.

खूप वेळाने सुधाकर शांत झाले.

"कळलाच नाही..." ते पुन्हा म्हणाले.

बाबांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला.

"बरं झालं," बाबा म्हणाले. "आता कळून घेत राहा. उरलेल्या आयुष्याला पुरेल."